किस्सा संपला की पुढचं विचारायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली प्रश्नावली वाचली. आकाशवाणीतल्या निवृत्त निर्मात्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं मनावर घेतलंस, छान झालं. ही माणसं भराभर कमी होताहेत. जी आहेत त्यांच्या गुडघ्यांना तुमच्या स्टुडिओचे जिने झेपणार नाहीत, तेव्हा तू त्यांच्या घरी जाणार हेही योग्यच. पण यादीतला पहिलाच प्रश्न खोडून टाक. ‘एखादी अविस्मरणीय आठवण सांगा’ म्हटलंस की समोरचा माणूस ठेवणीतला किस्सा काढणार. तो त्यानं निरोप समारंभात सांगितलेला असतो, दिवाळी अंकात लिहिलेला असतो, नातवाच्या मुंजीत पंगतीलाही ऐकवलेला असतो. ऐकायला मजा येते, पण सांगून सांगून त्यातलं काम झडून गेलेलं असतं. आणि तुला तर काम हवंय.

गीतरामायणाचंच घे. पहिल्या गाण्याची गोष्ट तुला पाठ असेल. गदिमांनी लिहून दिलेला कागद हरवला, प्रसारण तोंडावर आलं, मग पुणे केंद्राच्या सीताकांत लाडांनी गदिमांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ पुन्हा लिहून झालं. किती मिनिटांत, ते सांगणाऱ्यावर अवलंबून! ही गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझी तक्रार एवढीच, की तिच्यात लाड कडी लावण्यापुरते उरलेत.

आता हेच निर्मात्याच्या खुर्चीतून बघ. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. जेमतेम दीड वर्षाच्या त्या केंद्रावर दर आठवड्याला एक नवं गाणं, तेही वर्षभर, असा घाट घातला गेला. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरुवात, १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला समाप्ती. बेत ५२ गाण्यांचा होता. पण त्या वर्षी अधिक मास आला, पुढची रामनवमी लांबली आणि गाणी झाली ५६. वाढलेली चार गाणी म्हणजे चार आठवड्यांचे जादा करार, तालमी, वादकांच्या तारखा, आणि कवीला कथेचा पट ताणायला लावणं. पंचांग पहिल्यांदा कुणी उघडलं? गदिमांना ते केव्हा सांगितलं? मंजुरीचा कागद कुणाच्या टेबलावर अडला? मला कुणी लाडांच्या समोर बसवलं असतं तर मी कडीबद्दल अवाक्षर काढलं नसतं, या चार आठवड्यांचं विचारलं असतं.

याच कार्यक्रमातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘५५ साली आम्ही रेडिओसमोर बसून बाबूजींच्या आवाजात सगळं गीतरामायण ऐकलं,’ असं छातीठोकपणे सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. मूळ प्रसारणात पात्रानुसार गायक वेगळे होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिताबाई फडके अशी ती मंडळी. सगळी गाणी एकट्या सुधीर फडक्यांच्या गळ्यातून लोकांनी ऐकली ती नंतर, रंगमंचावर आणि तबकड्यांवर. ते इतकं ऐकलं गेलं की आधीचं त्याखाली बुजून गेलं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्यामुळे तिथल्या तिथे त्याला खोडून काढू नकोस. ऐकून घे आणि घरी येऊन ताडून बघ. १९३५ पासून ‘द इंडियन लिसनर’ हे आकाशवाणीचं कार्यक्रमपत्रक निघत असे, १९५८ पासून त्याचंच नाव ‘आकाशवाणी’ झालं. तारीख, वेळ, कलाकार छापील मिळतात. अर्थात छापलेलं सगळंच प्रसारित होई असं नाही. ऐन वेळी कलाकाराचा घसा बसला की ड्युटी रूममधून भलतंच काहीतरी लागायचं, आणि ते पत्रकात नसतं. म्हणून कागद आणि माणूस, दोन्ही लागतात.

मग विचारायचं काय? हातांबद्दल विचार. आमच्या काळात संकलन म्हणजे खरोखरीचं कापणं होतं. स्पूल, म्हणजे फितीचं रीळ, हातानं मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात कानानं पकडायची, फितीवर पेन्सिलीनं खूण करायची, खाचेत ठेवून पात्यानं तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टी लावायची. फीत सेकंदाला साडेसात इंच धावे. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा श्वास पावणेचार इंचांचा! जुना निर्माता बोलणाऱ्याचा श्वास बोटांनी मोजू शकायचा. तो काढून टाकला तर माणूस घाईत बोलल्यासारखा वाटे, ठेवला तर कार्यक्रम लांबे. काय ठेवलंत, काय कापलंत, कापलेला तुकडा टोपलीत गेला की खिशात, हे विचार. माझा अनुभव असा की एरवी दोन वाक्यांत गप्प होणारी माणसं या प्रश्नावर अर्धा तास बोलतात, आणि बोलताना त्यांची बोटं हलायला लागतात. शक्य झालं तर एखादं रिकामं स्पूल सोबत ने.

तसंच, कुणाला नकार दिलात ते विचार. स्वरपरीक्षेत कुणाला परत पाठवलं, कुणाची श्रुतिका साभार परत केली. उत्तर सहज मिळणार नाही, आणि नाव सांगायचा आग्रह तूही धरू नकोस. पेटीवर आकाशवाणीत १९४० साली बंदी आली आणि १९७१ पर्यंत टिकली. त्या काळात सुगम संगीत पाहणाऱ्यांनी कसं निभावलं, चाल बसवताना घरी पेटी आणि स्टुडिओत काय, हेही विचारण्यासारखं आहे.

आणीबाणीचा विषय निघेलच. त्या काळात सगळेच मनातून विरोधात होते, असं आता ऐकायला मिळतं. असतीलही बापडे. तू मनातलं विचारू नकोस, कपाटातलं विचार. १९७६ च्या मे महिन्यात किशोर कुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. तसा निरोप तुमच्या केंद्रावर कसा आला, फोनवर की कागदावर? तबकड्या कपाटातून बाहेर काढल्या की नुसती यादीत खूण केली? श्रोत्यांच्या पत्रांना काय उत्तर दिलंत? उठलेली बंदी कुणी कळवली? अशा प्रश्नांना शौर्याची उत्तरं देता येत नाहीत, म्हणून मला ते आवडतात.

तुझ्या यादीत सगळी नावं निर्मात्यांची आहेत. मुंबई केंद्राची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिकामाला आठवणाऱ्यांना तिच्यातले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आठवतात, पण कपबशीचा आवाज कोण करत होतं ते कुणालाच आठवत नाही. ध्वनिफीत संग्रहालय सांभाळणारा कारकून, प्रक्षेपण केंद्रावरचा अभियंता, महिन्यातून मोजक्या पाळ्या मिळणारी नैमित्तिक निवेदिका, यांच्याकडे जा. फिती कमी पडत, म्हणून जुन्या पुसून पुन्हा वापरल्या जात. काय पुसायचं याचा निर्णय अनेकदा या कारकुनापाशी येऊन थांबे. तो माणूस कुणाच्याच मुलाखतीच्या यादीत नसतो.

गोव्याकडे जाणार असलीस तर एक सांगते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत सरहद्दीच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, पोर्तुगीज आणि कोंकणीतून. २०२५ साली लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा बहुतेकांनी काय सांगितलं? मुक्तीच्या वेळी विमानातून भोंग्यावर केलेली घोषणा. ती रोमांचक आहेच. पण मला कुतूहल आधीच्या सहा वर्षांचं. जंगलात बसून इतका काळ प्रसारणाला मजकूर कुठून आणायचा? बातमी खरी की अफवा, हे ठरवायचं कसं? आम्हाला बातम्या छापून देणारा टेलिप्रिंटर होता, तरी आम्ही कुरकुरायचो.

आता व्यवहाराचं. पोचल्यावर आधी पंखा बंद करायला सांग, फ्रीजचा आवाज ऐक, भिंतीवरचं घड्याळ उतरवून दुसऱ्या खोलीत ठेव. खोलीची नुसती शांतता मिनिटभर ध्वनिमुद्रित कर, संकलनात उपयोगी पडते. कुकर कधी लागणार ते विचारून घे. स्वयंपाकघरातून बायकोचा किंवा नवऱ्याचा आवाज येईल, ‘अहो, ते सांगलीला नव्हे, परभणीला असताना!’ तो कापू नकोस, उलट त्यांनाही बाहेर बोलाव. लेखी संमती घे, आणि कुणी घरची जुनी कॅसेट काढून दिली तरी त्यावरचा कार्यक्रम केंद्राचा असू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय वाजवू नकोस.

पहिल्या भेटीत किस्सेच निघतील, ते निघू दे. दुसऱ्या भेटीची तारीख ठरवूनच ऊठ. दिवाळीत यातले निम्मे मुलांकडे बंगळूरला नाहीतर अमेरिकेला जातात, म्हणून दुसरी फेरी पितृपक्षातच उरकून घे. त्या पंधरवड्यात कुणाकडे समारंभ नसतात, सगळे घरी सापडतात.

तुझी,
ताई