संदुकीतले फोटो अन् मोर्चाचं साल

प्रश्न : आमचे मोठेबाबा मागच्या दिवाळीत वारले. त्यांची लोखंडी संदूक उघडली तं तीन फोटो निघाले. एक गाऊन घातलेला, हातात कागदाची सुरळी. दुसरा पदवीदान समारंभाचा, मंचावर पाहुणे बसलेले. तिसरा मोर्चाचा, फाटकासमोर पोरं उभी, कापडी फलक घडी पडल्यानं अर्धाच दिसते, "...ठ झालेच पाहिजे" एवढंच वाचता येते. काका म्हणतात हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा मोर्चा, चुलतभाऊ म्हणतो मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा. डिग्री उधईनं खाल्ली, कोपऱ्यावर नागपूर विद्यापीठाचं नाव अन् बीएस्सी ॲग्री उरलं. साल कसं काढावं?
(एक वाचक, कारंजा तालुका)

उत्तर : आधी तो "ठ" पाहा. नामांतराचा फलक असता तर "झालेच पाहिजे"च्या आधी "र" आला असता, "नामांतर झालेच पाहिजे". ठ म्हणजे विद्यापीठ, म्हणून चुलतभाऊ इथे जरा मागे पडला. पण काकांनी लगेच मिशीवर ताव देऊ नये, कारण वऱ्हाडात विद्यापीठ एकदाच मागितलं नाही. विदर्भाला वेगळं कृषी विद्यापीठ पाहिजे म्हणून 1967 मध्ये अकोल्यात मोठं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली, अन् 20 ऑक्टोबर 1969 ला अकोल्याचं विद्यापीठ सुरू झालं. पुढे अमरावतीला वेगळं विद्यापीठ मिळालं ते 1 मे 1983 ला, त्याआधी तीही मागणी होतीच. म्हणजे ठ दोन्हीकडे बसतो.

आता कपडे पाहा. पोरांचे पॅन्ट खाली निमुळते असतील तर साठचं दशक, घोट्यापाशी घागऱ्यासारखे फाकलेले असतील तर सत्तरीनंतरचं. मग फोटोचा कागद बोटात धरा, जाड पुठ्ठ्यासारखा, कडेला थोडा वाकलेला अन् कोपऱ्यात निळसर चांदी चमकते असा असेल तर जुना, अन् प्लास्टिकसारखा गुळगुळीत सपाट असेल तर तो प्रिंट 1967 चा नाही. प्रिंट म्हटलं बरं का, फोटो नाही, कारण निगेटिव्ह 67 ची अन् प्रिंट दहा वर्षांनी काढलेला असंही होते. मागे स्टुडिओचा शिक्का असला तर फोन नंबर मोजा, तीन आकडी नंबर म्हणजे बराच जुना काळ. एखादी जीप दिसली अन् पाटीवर एमएच 30 असं काही असलं तर सगळा वादच मिटला, ती पद्धत 1989 नंतरची आहे.

डिग्रीचा उरलेला कोपरा मात्र लाखमोलाचा आहे. ॲग्रीची डिग्री नागपूर विद्यापीठाची म्हणजे अकोल्याचं विद्यापीठ उभं राहायच्या आसपासची किंवा आधीची, त्यामुळे मोठेबाबा 1967 मध्ये कॉलेजात होते हे जमून येते. माझं मत विचाराल तर काकांचं पारडं जड आहे. पक्कं मात्र नाही, कारण नोकरीला लागलेला माणूसही मोर्चात जाऊन उभा राहते.

समारंभाच्या फोटोत मंचावर मधोमध राज्यपाल बसले असतील तर त्यांचा चेहरा ओळखा. नागपूरचे कुलपती तेच असत. चेरियन असतील तर 1964 ते 69, अली यावर जंग असतील तर 1970 ते 76. इतकं सोपं आहे ते. गाऊनवाल्या फोटोवर जास्त जीव टाकू नका, तसे फोटो घरोघरी आहेत, गाऊन स्टुडिओतच मिळायचा अन् हातातली सुरळी बऱ्याचदा कोरी असायची, समारंभाला न गेलेल्यांचेही ते आहेत. खरी वस्तू मोर्चाची आहे, तिच्यात कोणी पोझ देऊन उभं नाही.

अन् काका ऐंशीच्या घरात असतील तर पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका, आज सांजच्यालाच फोटो घेऊन बसा, एकेका पोरावर बोट ठेवून नाव विचारा. मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नाही, शाई पुढच्या बाजूला उमटते. लिहिताना "1967 चा मोर्चा" असं ठोकून देऊ नका, "काकांच्या सांगण्यावरून अकोल्याचा, साल बहुतेक 1967" असं लिहा, चुलतभावाचं म्हणणंही खाली टाका. घरातले भांडतील ते भांडतील.

प्रश्न : आजोबांचा पदवीदानाचा फोटो लॅमिनेट करून घेऊ का? टिनाच्या घरात आहे, भिंतीला लटकवला आहे.
(यवतमाळ जिल्हा)

उत्तर : नका करू बाप्पा. मी स्वतः केलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात वडिलांचा गाऊनचा फोटो दिला, दहा मिनिटात परत आला तेव्हा चेहऱ्यावर हवेचा फुगा, अन् प्लास्टिक काढायला गेलो तर नाकासकट निघालं. तो एकच होता. चिकट पानांच्या अल्बमातही ठेवू नका, तो डिंक पिवळा पडते अन् फोटो सोडत नाही. टिनाखाली मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री चढते, म्हणून भिंतीवर त्याची कॉपी लावा अन् मूळ फोटो साध्या कागदी पाकिटात घालून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीपासून वर ठेवा. मोबाईलनं काढलेल्या फोटोवर भागवू नका, 600 डीपीआयला स्कॅन करून घ्या अन् फाईल दोन ठिकाणी ठेवा. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

प्रश्न : माझी आई नागपूरहून निघालेल्या नामांतराच्या लाँग मार्चमध्ये होती. तिचा फोटो गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत छापता येईल का?
(बुलडाणा जिल्हा)

उत्तर : फोटो कोणी काढला यावर आहे. पैसे देऊन स्टुडिओवाल्याकडून काढून घेतला असेल अन् वेगळा काही करार नसेल तर कायद्यानं हक्क पैसे देणाऱ्याचा, बिनधास्त छापा. पेपरच्या फोटोग्राफरनं काढला असेल तर त्या पेपरला एक पत्र टाका. खाली ओळ लिहिताना मात्र नुसतं "लाँग मार्च" लिहू नका, 11 नोव्हेंबर 1979, दीक्षाभूमी ते औरंगाबाद, असं लिहा. आईला खडकपूर्णा नदीपाशी झालेली अटक आठवत असेल तर तेही तिच्याच शब्दात टाका, तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ती.