वाचकांचे प्रश्न : तुलांबेनचे बुडालेले जहाज

प्रश्न : मी स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर हे प्राथमिक प्रमाणपत्र नुकतेच मिळवले आहे. बालीतील लिबर्टी हे जहाज किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात असल्याचे ऐकले. मी तेथे उतरू शकेन का, आणि जहाजाच्या आत जावे का?

उत्तर : आपण अवश्य उतरू शकाल. सुमारे सव्वाशे मीटर लांबीच्या या अमेरिकी मालवाहू जहाजावर जानेवारी १९४२ मध्ये लोम्बोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला. ते ओढून सिंगाराजा बंदरात नेण्याचा प्रयत्न फसल्यामुळे तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक होईपर्यंत तेथेच पडून राहिले. उद्रेकाच्या हादऱ्यांनी ते समुद्रात सरकले. आज त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर, तर तळ तीस मीटरच्या आसपास आहे. आपली मर्यादा अठरा मीटरची असल्याने खालचा भाग तूर्त सोडावा.

सांगाडा बराच उघडा असला, तरी स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय आत शिरू नये, कारण छताखालून थेट वर येता येत नाही. उथळ म्हणजे निर्धोक, हा समजही चुकीचा आहे : पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि वर येताना तो घटला की फुप्फुसांतील हवा फुगते, त्यामुळे श्वास रोखून वर येणे तेथेही फुप्फुसांना घातक ठरते. किनारा गोट्यांचा असल्याने जाड तळाचे बूट घ्यावेत आणि गर्दी टाळण्यासाठी भल्या पहाटे उतरावे. अनेक डाइव्ह केल्यास परतीच्या विमानापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत.