एसी अठराला लावलाय तरी सर्व्हर तापतोच!

मागच्या अंकात डेटा सेंटरच्या (म्हणजे ढीगभर सर्व्हर ठेवलेल्या इमारतीच्या) लाईट बिलावर लिहिलं होतं, त्यावर बरेच मेल आलेत. काही नुसतेच 'छान लेख' टाईप, काही भांडायला आलेले, आणि काही खरोखर विचारात पाडणारे. जागा आहे तेवढे घेतो, बाकीचे पुढच्या वेळी.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या मुख्य शाखेत छोटी सर्व्हर रूम आहे. दोन रॅक (सर्व्हर ठेवायची कपाटं), दीड टनाचे दोन स्प्लिट एसी, दोन्ही चोवीस तास १८ वर. आत गेलं की हुडहुडी भरते, तरी उन्हाळ्यात वरच्या सर्व्हरचा टेम्परेचर अलार्म वाजतोच. संचालक म्हणतात तिसरा एसी घ्या. घेऊ का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

थांबा, कोटेशन मागवू नका अजून. आधी यूपीएसच्या डिस्प्लेवर आउटपुट लोड किती किलोवॅट दाखवतोय ते बघून या. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यामुळे तो आकडा म्हणजेच तुम्हाला बाहेर काढायची उष्णता, वेगळा सर्व्हे करायची गरज नाही. एक टन एसी म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट, म्हणजे तुमच्याकडे कागदावर साडेदहा किलोवॅटचं कूलिंग पडलंय. दोन रॅकच्या पतसंस्थेत लोड चारच्या पुढे गेला तर मला नवल वाटेल. उन्हाळ्यात एसीची ताकद थोडी कमी होते, भिंती-छताची उष्णता आत येते, हे सगळं धरलं तरी हिशोबाने एक एसी चालू आणि दुसरा स्टँडबाय पुरायला हवा.

मग अलार्म का वाजतो? कारण तुम्ही खोली थंड करताय आणि सर्व्हरला खोलीशी काही देणंघेणं नाहीये. तो समोरून हवा ओढतो नि मागून गरम फेकतो, बास. रॅकमध्ये दोन सर्व्हरच्या मधे जागा मोकळी सोडलेली असते (असणारच, 'पुढे लागेल म्हणून'), त्या फटीतून मागची गरम हवा परत पुढे येते, काही रॅकच्या डोक्यावरून येते, आणि गरम हवा वर जाते म्हणून सगळ्यात वरचा सर्व्हर आपलीच नाहीतर शेजाऱ्याची टाकाऊ हवा पुन्हा पितो. तुम्ही १८ चे १६ केले तरी तो तीच पिणार.

एक काम करा, बाजारात साधे डिजिटल थर्मामीटर मिळतात ते तीन आणा आणि रॅकच्या *पुढच्या* बाजूला खाली, मधे, वर असे टेपने चिकटवा. तासाभराने वाचा. खाली १९ आणि वर ३१-३२ असं काहीतरी निघालं तर रोग सापडला. अॅशरे ही अमेरिकेतली एसी इंजिनिअरांची संस्था, तिची शिफारस १८ ते २७ डिग्री अशी आहे आणि ती सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेची आहे, खोलीच्या मधे उभ्या माणसाची नव्हे.

इलाज स्वस्त आहे. रिकाम्या जागांना ब्लँकिंग पॅनल लावा, रॅकसोबतच मिळतात, नसतील तर फ्लेक्सचा जाड तुकडा कापून लावला तरी तात्पुरतं चालेल, फक्त पुठ्ठा नको, आग धरतो. दुसऱ्या रॅकचं तोंड पहिल्याच्या पाठीकडे असेल तर फिरवा, दोघांची तोंडं एकाच गल्लीत यायला हवीत. एसीचा झोत रॅकच्या पाठीवर पडत असेल (मी पाहिलेल्या बहुतेक छोट्या खोल्यांत असाच पडतो, कारण इलेक्ट्रिशियनला पाईप तिथून काढणं सोपं असतं) तर तो पुढच्या बाजूला वळवा. आणि सर्व्हर रूममध्ये रॅकसमोर रचलेले व्हाउचरचे गठ्ठे बाहेर काढा, आहेत ना?

एवढं झालं की दिवसाला एक-एक डिग्री वाढवत २४ पर्यंत या, वरच्या थर्मामीटरवर लक्ष ठेवून. दोन्ही एसी टायमरने आलटूनपालटून चालवा, घरगुती स्प्लिट वर्षानुवर्षं न थांबता पळायला बनवलेलेच नसतात. शिवाय १८ ला कॉईल इतकी गार होते की काही मेहनत हवेतलं पाणी पिळून नळीतून टपकवण्यातच जाते, सर्व्हरला त्याचा उपयोग शून्य. फक्त यूपीएसच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर २५ च्या वर जाऊ नका, त्यांचं आयुष्य दर दहा डिग्रीला जवळपास निम्मं होतं. सर्व्हर सहन करतो, बॅटरी करत नाही.

प्रश्न : सर म्हणाले गूगलचा पीयूई १.०९ आहे आणि बाकी जगाची सरासरी दीडच्या वर. म्हणजे गूगलचे सर्व्हर कमी वीज खातात का? (इंजिनिअरिंग तिसरं वर्ष, नागपूर)

नाही गं, सर्व्हर किती खातात हे पीयूई सांगतच नाही. सगळ्या बिल्डिंगची वीज भागिले फक्त आयटी उपकरणांची (सर्व्हर वगैरेंची) वीज, एवढाच तो आकडा. १.०९ म्हणजे सर्व्हरला १०० युनिट दिले तर कूलिंग, यूपीएस, दिवे यांत वरचे ९ गेले. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या सर्व्हेत सरासरी १.५६ आली, म्हणजे वरचे ५६. २००७ मध्ये हीच सरासरी अडीचच्या आसपास होती, त्यामुळे द ग्रीन ग्रिड या संस्थेने त्याच सुमारास हा आकडा रूढ केला त्याचा फायदा नक्की झाला.

पण हा आकडा फसवतो, आणि कसा ते तू स्वतः मांडून बघ. समज आयटी लोड १०० किलोवॅट आणि वरचा खर्च ५०, त्यातला ३० काहीही झालं तरी लागणारा आणि २० लोडप्रमाणे कमीजास्त होणारा. पीयूई १.५. आता कुणीतरी शहाण्याने तपासलं, ४० किलोवॅटचे सर्व्हर नुसतेच चालू होते, कुणी वापरत नव्हतं, ते बंद केले. आयटी राहिला ६०, वरचा खर्च ३० अधिक १२ म्हणजे ४२, एकूण १०२. बिल १५० वरून १०२ वर आलं आणि पीयूई झाला १.७! मॅनेजरचं अप्रेझल पीयूईवर असेल तर तो हे काम करेल का सांग.

दुसरी गंमत सर्व्हरच्या आतल्या पंख्यांची. त्यांची वीज आयटीत धरतात. खोलीचं तापमान फार वाढवलं की एसीचा खर्च घटतो पण आतले पंखे जोरात फिरतात, आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाने वाढते, वेग २० टक्के वाढला की वीज पावणेदोन पटीच्या जवळ. मग पीयूई सुधारलेला दिसतो नि मीटर मात्र जास्त पळतो. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पीयूईशेजारी एकूण युनिट आणि सर्व्हर सरासरी किती टक्के वापरात होते हे लिही, व्हायव्हाला परीक्षक तिथेच थांबेल.

प्रश्न : घामाच्या धारा लागणाऱ्या नवी मुंबईत डेटा सेंटर का बांधतात? आमच्या डोक्यावर महाबळेश्वर आहे की! (वाई)

डोक्यावर आहे पण समुद्राखालच्या केबल तिथे येत नाहीत ना. युरोप, आखात, सिंगापूरकडून येणाऱ्या बऱ्याच केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि दोन्ही शेअर बाजार मुंबईत, आणि ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात एमआयडीसीची जमीन आणि भक्कम वीज आधीपासून होती. पुढे ते पनवेलपर्यंत सरकलं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथे बंगल्याला परवानगी काढताना काय होतं हे वाईकरांना मी काय सांगणार.

आणि हवेचं म्हणाल तर नुसतं तापमान बघून चालत नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर मस्त चालतो आणि दादरला तोच कूलर लावला तर नुसती चिकचिक, ती भानगड इथेही आहे. पाणी उडवून हवा कितपत थंड होईल याची एक सीमा असते, वेट बल्ब तापमान म्हणतात तिला. नागपूरला ४४ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ती सीमा २३ च्या आसपास येते. मुंबईत ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २८. म्हणजे कूलरच्या तत्त्वावर चालणारं डेटा सेंटर भर मे महिन्यात मुंबईपेक्षा नागपुरात बरं चालेल, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. (नागपूरकर आता लगेच फॉरवर्ड करणार हे.) मुंबईत म्हणून कॉम्प्रेसरवाल्या चिलरशिवाय (पाणी गार करणाऱ्या मोठ्या यंत्राशिवाय) गत्यंतर नसतं.

थंड देशांत काय चाललंय ते बघितलं की हेवा वाटतो. फिनलंडमध्ये हामिना इथे गूगलने २००९ ला बंद पडलेली कागद गिरणी विकत घेतली आणि फिनलंडच्या आखाताचं समुद्राचं पाणी फिरवून कूलिंग करतात. पण बाहेरची हवा फुकट असली तरी बिनघोर नसते. अमेरिकेत ओरेगनमधल्या प्राइनव्हिलला फेसबुकने एसीशिवायचं सेंटर २०११ मध्ये सुरू केलं, त्याच उन्हाळ्यात कंट्रोलच्या गडबडीत गरम हवा पुन्हा पाण्याच्या फवाऱ्यांतून फिरली आणि आत आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर गेली, काही सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर अक्षरशः पाणी धरलं. पुढे कंपनीनेच ते सांगितलं, हे बरं केलं.

प्रश्न : आम्ही रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेली माणसं. एआयला एक प्रश्न विचारला की अर्धा लिटर पाणी जातं असा मेसेज फिरतोय. खरंय का? (लातूर)

मेसेजमध्ये अर्धं वाक्य गळालंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाईडच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला अंदाज होता, जीपीटी-३ या एआयची साधारण १० ते ५० उत्तरं मिळून अर्धा लिटर, आणि त्यात वीज केंद्रात लागणारं पाणीही धरलेलं. उलट बाजूला गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या जेमिनी या एआयच्या मधल्या मापाच्या एका मजकुराच्या प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलीलिटर पाणी, म्हणजे पाच-सहा थेंब. पण हा कंपनीचा स्वतःचा हिशोब, यात वीज केंद्राचं पाणी नाही आणि फोटो-व्हिडिओ बनवण्याचा खर्चही नाही.

मला विचाराल तर प्रश्नामागे किती थेंब हे भांडण लातूरच्या माणसाने सोडून द्यावं आणि बिल्डिंगमागे किती टँकर ते विचारावं. हिशोब सोपा आहे. पाण्याची वाफ करून उष्णता काढायची तर एका युनिटमागे साधारण दीड लिटर पाणी उडतं. एक मेगावॅटची सगळी उष्णता अशी काढली तर दिवसाचे २४ हजार युनिट, म्हणजे ३६ हजार लिटर, दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, रोज. शिवाय क्षार साठतात म्हणून कूलिंग टॉवरमधून (ही वाफ जिथे होते तिथून) काढून टाकावं लागणारं पाणी वेगळं. ५० मेगावॅटचं सेंटर म्हणजे १८ लाख लिटर.

पाणी न वापरणारे एअर कूल्ड चिलर असतात, पण ते वीज जास्त खातात, आणि ती वीज कोळशाची असली तर पाणी तिकडे वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरमधून उडतं. सुटका नाही, फक्त जागा बदलते. त्यामुळे तुमच्या भागात कुणी सेंटर आणलं तर जनसुनावणीत दोन गोष्टी लेखी मागा, एप्रिल-मे मधली रोजची पाण्याची मागणी (वर्षाची सरासरी नको, त्यात पावसाळा लपतो), आणि पाणी पिण्याचं की प्रक्रिया केलेलं सांडपाणी. सांडपाण्यावर चालतं, कोराडीच्या वीज केंद्रात नागपूरचं वापरतातच.

प्रश्न : सर्व्हर सरळ समुद्रात बुडवले तर? (इयत्ता नववी, मालवण)

बुडवून झालेत! मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर भरलेली टाकी समुद्राच्या तळाशी ठेवली, २०२० ला वर काढली. जमिनीवरच्या तुलनेत आठव्या हिश्शाइतकेच सर्व्हर बिघडले, आत नायट्रोजन भरलेला आणि माणसांची ये-जा नाही म्हणून असावं. पण कंपनीने ते पुढे नेलं नाही. बिघडलेला सर्व्हर बदलायला क्रेन लावून बोट न्यायची, विचार कर.

प्रश्न : मी चिलर आणि एसीचं मेंटेनन्स करतो. आता म्हणे सर्व्हरमध्येच पाणी फिरवणार, हवेचं काम संपणार. आमचं काय? (भोसरी, पुणे)

बातमी खरी आहे. नेहमीचा रॅक पाच-दहा किलोवॅटचा, तर एनव्हिडियाचा ७२ चिपवाला एआयचा एक रॅक १२० किलोवॅटच्या घरात. तेवढी उष्णता हवेने काढायची तर सेकंदाला आठ घनमीटर हवा एका कपाटातून ढकलावी लागेल, पाण्याने मात्र सेकंदाला तीन लिटरमध्ये भागतं, कारण तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. म्हणून चिपवरच कोल्ड प्लेट (आतून पाणी फिरणारी धातूची पट्टी) बसवतात.

तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ते पाणी गार लागत नाही, ४० च्या आसपासचं कोमटही चालतं, आणि एवढं कोमट पाणी मुंबईच्या उन्हातही नुसत्या पंख्याच्या ड्राय कूलरने थंड होतं. म्हणजे तिथे कॉम्प्रेसरचं काम घटणार हे मान्य करा. पण सगळी उष्णता प्लेटमधून जात नाही, मेमरी, पॉवर सप्लाय वगैरेचा वाटा हवेतच येतो, त्यामुळे एका हॉलला दोन्ही सिस्टीम लागतात आणि जुनी सेंटरं तर आहेतच.

नवीन काम कुठे आहे सांगतो. कोल्ड प्लेटमधल्या चिरा केसाएवढ्या बारीक, त्यात पाईपमधला वेल्डिंगचा चुरा किंवा गंज अडकला की लाखोंची चिप तापून बसते, म्हणून पाईपलाईन धुऊन काढणं, फिल्टर, ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्याची तपासणी, प्रेशर टेस्ट, प्रत्येक रॅकला फ्लो बरोबर वाटला जातोय का हे बघणं, याला माणूस लागतो. चिलर प्लँटवर वॉटर ट्रीटमेंटवाला येऊन टॉवरच्या पाण्याचं सँपल घेऊन जातो ना, पुढच्या खेपेला त्याच्यासोबत उभे राहा आणि कंडक्टिव्हिटी, पीएच कसं वाचायचं ते शिकून घ्या. आणि कुठे नवीन सेंटरचं कमिशनिंग (सुरू करण्याआधीची तपासणी) निघालं तर फ्लशिंगच्या, म्हणजे पाईप धुण्याच्या टीममध्ये नाव घाला, पैसे थोडे कमी मिळाले तरी.