‘कनिंग मॅन’ म्हणजे लबाड माणूस नव्हे

प्रश्न असा आहे: जुन्या इंग्लंडवरच्या एका मराठी भाषांतरात ‘चोरी झाली की लोक गावातल्या लबाड माणसाकडे जात’ असं वाक्य आलंय. चोरी झाल्यावर लबाडाकडे कोण जाईल?

कुणीच नाही. मुळात ‘कनिंग मॅन’ असणार, आणि भाषांतरकाराने कोशातला पहिला अर्थ उचलून डकवला. दोष एकट्या त्याचा नाही. हल्ली मालिकांतली प्रत्येक जाऊ ‘कनिंग’ असते. ‘आतल्या गाठीची’ म्हणायला काय होतं, देव जाणे.

धूर्त, कावेबाज हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडून देऊ. मध्ययुगीन इंग्रजीत ‘कनिंग’ म्हणजे जाणणारा, ज्याला काही येतं असा. ‘कॅन’ (येणं, जमणं) आणि ‘नो’ (जाणणं) ही क्रियापदं त्याच कुळातली, आणि आपला ‘ज्ञा’ धातू त्यांचा सख्खा चुलतभाऊ. १६११ च्या इंग्रजी बायबलात एसाव ‘कनिंग’ शिकारी आहे, म्हणजे तरबेज. १३७ व्या स्तोत्रात ‘यरुशलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात आपलं कसब विसरो’ अशा अर्थाची ओळ आहे. तिथे कसबासाठी शब्द ‘कनिंग’च.

तर कनिंग मॅन किंवा कनिंग वूमन म्हणजे गावातला जाणता, गावातली जाणती. हरवलेलं जनावर, चोरीचा माल, कुणी केलेली करणी, सगळं यांच्याकडे. कात्रीच्या टोकांवर चाळण तोलून धरायची आणि संशयितांची नावं घ्यायची. ज्याच्या नावाला चाळण फिरली तो चोर. करणी उलटवायला रोग्याची लघवी आणि टाचण्या बाटलीत भरून ती तापवायची किंवा पुरायची. १५४२ च्या कायद्याने जादूने चोरीचा माल शोधणं हाही गुन्हा ठरवला. विल्यम पर्किन्स हा धर्मोपदेशक तर म्हणे की भलं करणारी चेटकीण वाईट करणारीपेक्षा जास्त घातक. लोक जातच राहिले. एसेक्समधल्या हॅडलीचा जेम्स मरेल १८६० मध्ये वारला, तोवर हा धंदा करत होता.

आता खरी मजा. हिंदीतला ‘सयाना’ घ्या. समजूतदार तो सयाना, चलाख तो सयाना, आणि उत्तरेतल्या खेड्यांत भूत उतरवणाराही सयानाच! मूळ ‘सज्ञान’. आपला ‘शहाणा’ही माझ्या मते तिथलाच. ‘ओझा’ तर त्याहून भारी: उपाध्याय, प्राकृतात उवज्झाय, मग ओझा. वेद शिकवणारे गुरुजी घसरत घसरत झाडफूक करायला लागले. मैथिलांचं ‘झा’ आडनावही त्याच घरातलं.

‘कनिंग’ मात्र बदनाम का झाला? अभ्यासक म्हणतात, हुशारीचे शब्द लबाडीकडे घसरतातच, ‘क्राफ्टी’ आणि ‘स्लाय’ या लबाडीच्या दुसऱ्या शब्दांचंही तेच झालं, त्यात जादूटोण्याचा संबंध काय? ‘क्राफ्ट’चा संबंध विचारता? मग ‘विचक्राफ्ट’मध्ये, म्हणजे चेटूकविद्येत, कोण बसलंय? माझं म्हणणं साधं आहे. जो पैसे घेऊन चोराचं नाव सांगतो त्याच्याकडे गरजेला जायचं, अंदाज चुकला की त्यालाच ठग म्हणायचं. पिढ्यान् पिढ्या हे चाललं की विशेषण नासणारच. ‘दीडशहाणा’ व्हायला मांत्रिक लागला नव्हता, असं सांगायला कुणीतरी येईलच. येऊ दे.

हां, भाषांतराचं राहिलं. ‘मांत्रिक’ नको, त्याला स्मशानाचा वास आहे. ‘देवऋषी’ म्हटलं की अंगात येणं आलं. या मंडळींचा कारभार चाळणी, बाटल्या आणि पोथ्यांवर चाले. ‘भगत’ लिहिलंत तर वाचक एसेक्समधून थेट पालघरच्या पाड्यावर पोचेल. ‘गावातला जाणता’ लिहा.