चार टोपणं ऑइल

“ताई, मी ५८ वर्षांचा. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, आता घरी असतो. माझ्याकडे १९७९ ची येझदी मोटारसायकल होती. वडिलांनी नवी घेतलेली, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. गेल्या दिवाळी पाडव्याला ती मी ७८ हजारांना विकली. मुलाने कार घेतली, सोसायटीत जागा एकच, हिने रेटा लावला. माझाही गुडघा गेलाय, दोन वर्षं गाडी ताडपत्रीखालीच होती. पण विकली त्या रात्रीपासून झोप नाही. पार्किंगमध्ये ती उभी असायची तिथे ऑइलचा डाग आहे, तो बघायला रोज खाली जातो. मुंबई नाक्यावर तसा आवाज आला की मान वळते. घेणारा पिंपळगाव बसवंतकडचा, द्राक्षवाल्यांचा मुलगा, २३ वर्षांचा. त्याचे चार-पाच फोन येऊन गेले, एकदा ‘काका, ऑइल किती टाकायचं?’ असा मेसेजही आला, पण मला त्याच्याशी बोलवत नाही. आरसी अजून माझ्याच नावावर आहे, तेवढंच समाधान. दुप्पट पैसे देऊन गाडी परत मागू का? की हा माझा वेडेपणा आहे?”
– एक नाशिककर

भाऊ,

तुमचं पत्र सात पानी होतं, वर छापलंय ते जागेपुरतं कापून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. वडिलांनी गाडी घेतली त्या श्रावणात तुम्हाला मागे बसवून त्र्यंबकला नेलं, अंजनेरीच्या अलीकडे पावसाने गाठलं, आणि दोघांत एकच रेनकोट होता तो त्यांनी तुमच्या अंगात घातला, ते पान कुणालाही रडवेल. दुसऱ्यांदा वाचलं आणि मी चिडले. अजून चिडलेलीच आहे, तेव्हा पुढचं जरा सांभाळून वाचा.

चिडायला कारण झाली पाचव्या पानावरची दीड ओळ. त्या मुलाचे फोन, तो मेसेज, आणि तुमचं ते ‘बोलवत नाही’. सात पानांत गाडीच्या रंगाला अर्धं पान दिलंत, दोन सायलेन्सरांच्या आवाजाला एक, वहिनींवरच्या रागाला जवळजवळ दोन. आणि ज्याने तुमच्या हातात ७८ हजार रुपये मोजून ठेवले त्याला दीड ओळ.

वाचकांपैकी ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या थोरल्या भावाकडे येझदी होती म्हणून मला कळतं, नाहीतर माझी धाव स्कूटीपर्यंत. हल्लीच्या मोटारसायकलला इंजिन ऑइल वेगळं असतं, टाकीत नुसतं पेट्रोल. जुन्या टू-स्ट्रोक येझदीत पिस्टनला वंगण मिळायचं ते पेट्रोलमधूनच, म्हणून टाकी भरताना दर वेळी मापाने ऑइल मिसळायचं. ऑइल जास्त झालं तर धूर होतो, प्लग काळा पडतो, शेजारी शिव्या देतात. त्याने कुणी मरत नाही. पण कमी पडलं किंवा टाकलंच नाही, तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो आणि इंजिन जाम होतं. गाडी पळत असेल तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. पिंपळगावहून ओझरकडे येताना, आग्रा हायवेवर, मागे कंटेनर असताना मागचं चाक अडकणं म्हणजे काय, हे टूलरूमच्या माणसाला मी सांगायला नको.

तेव्हा ‘काका, ऑइल किती टाकायचं?’ हा प्रश्न चहात साखर किती विचारण्यातला नाही. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं. आणि तुम्ही फोन उलटा करून टीव्हीशेजारी ठेवलात.

त्या पोराला हे कुठून कळणार होतं? २००० सालचे प्रदूषणाचे नियम आले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून जवळजवळ उठल्याच. हा जन्मला तो त्यानंतर. पंपावरचं ते पेट्रोलमध्ये ऑइल सोडणारं छोटं यंत्र त्याने पाहिलेलंही नसेल. गाडी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला. २०२२ ला येझदी हे नाव परत आलं खरं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगडच नाही. तिच्या शोरूममध्ये जाऊन ऑइलचं माप विचारलं तर काउंटरवरची मुलगी गोड हसून पाणी आणून देईल. तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर बघेल की. बघेलच. एकजण सांगेल लिटरला २० मिली, दुसरा ४०, तिसरा म्हणेल अंदाजाने ओता. त्यातलं कुठलं माप दोनदा बोअर केलेल्या, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेतलेल्या, तुमच्या इंजिनाला चालतं, हे त्या तिघांपैकी एकालाही माहीत नाही.

आता तिसरं पान काढते. शब्द तुमचे आहेत:

“थंडीत आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्बोरेटरवरची टिकली दाबून धरायची, बोटाला पेट्रोल लागलं की सोडायची. चावी न लावता दोन किक रिकाम्या. मग चावी. तिसऱ्या किकला उठते. नाही उठली तर रागवायचं नाही, मिनिटभर थांबायचं. ऑइल लिटरला चार टोपणं. बाबांच्या शेवटच्या आजारपणातल्या खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण आहे, तेच माप. आधी बाटलीत थोड्या पेट्रोलमध्ये हलवून घ्यायचं, मग टाकीत. ते टोपण अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.”

अहो, हे तुम्ही मला लिहिलंत! मला! ज्या बाईकडे येझदी नाही, येणार नाही, आणि आली तर किक मारायला जिचेही गुडघे उरलेले नाहीत. आणि ज्याला याची गरज आहे तो निफाड तालुक्यात, पारा घसरला म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या दिवसांत, पहाटे त्या गाडीशी झटतोय. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीवर, आणि तीही डाव्या अंगाला. दांडी आत दाबून वर फिरवली की किक, मारून झाली की पुढे टाकायची, मग गिअर. माझ्या भावाला पहिल्या आठवड्यात त्या दांडीने नडगीवर असा तडाखा दिला होता की आईने हळद लावता लावता गाडीला शाप दिले. तो पिकअप आणून गाडी दोरांनी बांधत होता तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. चौथ्या पानावर लिहिलंयत की त्याने टाकीखाली जुनी गोधडी घातली, रंग घासू नये म्हणून. इतकं बारीक पाहिलंत आणि ‘बाळा, ही अशी उठते’ एवढं तोंडातून निघालं नाही?

बाजारात गाय विकणारा माणूससुद्धा दावं हातात देताना सांगतो, डाव्या अंगाने बसू नका, लाथ मारते.

तुम्ही गाडी विकलीच नाहीत, भाऊ. पैसे घेतलेत आणि लोखंड दिलंत. किल्लीबरोबर जायचं होतं ते सगळं घरात ठेवून घेतलंत आणि आता म्हणता झोप येत नाही. कशी येईल?

एक आमच्या घरचं सांगते, सांगायला बरं वाटत नाही तरी. जुन्या नाशकातला आमचा वाडा आम्ही विकला तेव्हा घेणाऱ्यांच्या सूनबाईंनी मला विचारलं होतं, पावसाळ्याआधी काही बघावं लागतं का? बघावं लागायचं. मागच्या पन्हळीत पिंपळाची पानं अडकायची आणि मृगाच्या आत ती काढली नाहीत तर पाणी थेट स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीत उतरायचं. सासूबाई दर वर्षी शिडी लावून घेत. मी म्हटलं, नाही हो, विशेष काही नाही. जुलैत रात्री भिंत बसली. खाली कुणी झोपलेलं नव्हतं, ही देवाची कृपा. आणि मी काय केलं असेल? चार जणींना सांगितलं, बघा, आमचा वाडा त्यांच्या हातात टिकला नाही. त्या वाक्यात मला चव होती. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तुमचं पाचवं पान वाचताना मला तीच चव लागली. गाडी त्याच्याकडे बंद पडावी, त्याने कंटाळावं, आणि मग तुम्ही थोरपणाने दुप्पट पैसे घेऊन जावं. खोटं असेल तर मला खडसावून लिहा. मी छापेन.

आरसीचं थोडक्यात आटोपते, कारण त्यात भावनेला जागाच नाही. ती तुमच्या नावावर आहे हे समाधान नसून गळ्यातलं लोढणं आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९. घेणाऱ्याने ३० दिवसांत, फॉर्म ३०. पाडवा होऊन किती दिवस झाले ते मोजा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, गाडी आधीच दुसऱ्याला विकलेली असली तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे ज्या पोराला तुम्ही ऑइलचं माप सांगत नाही, त्याच्या अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येणार. पेठ रोडच्या ऑफिसात दोघांनी मिळून जा, दंड पडला तर तुम्ही भरा.

वहिनींना यातून सोडा. तुम्हीच सहाव्या पानावर त्यांचं वाक्य दिलंय, “ठेवायची तर ठेवा, पण चालवा तरी.” याला रेटा म्हणत नाहीत. दोन वर्षं ताडपत्री न उचलणाऱ्या नवऱ्याला याहून सौम्य शब्दांत कुणी काही बोललं असतं असं मला वाटत नाही. गुडघा तुमचा गेला, त्यांनी नेला नाही.

आणि परत मागायची नाही. दुप्पट नाही, तिप्पट नाही. परत आणून करणार काय? पुन्हा ताडपत्री, पुन्हा तो कोपरा, फक्त डाग जरा मोठा.

या रविवारी पिंपळगावला जा.

पण त्याआधी, हे वाचून होताच, फोन करा. चौकशी, हवापाणी, द्राक्षाचा भाव, सगळं नंतर. पहिलं वाक्य हे: “ऑइल टाकल्याशिवाय चालवली का रे?” चालवली असेल आणि इंजिन धरलं असेल, तर ओरडायचं नाही. तुम्हाला ओरडायचा हक्क नाही. बोअरचं काम कुठे होतं, त्या वयाचा मिस्त्री नाशकात अजून कोण आहे, हे तुम्हाला माहीत असणार. तिथे घेऊन जायचं आणि निम्मे पैसे द्यायचे. नसेल चालवली, तर त्याच्या दारात उभी असेल. तसं असावं म्हणून मी आज देवापुढे दिवा जास्त वेळ ठेवलाय.

तिथे गेल्यावर एक जपा. हँडलला आधी हात लावू नका. तुमचा हात लागला की किक तुम्हीच माराल, गाडी तिसऱ्या किकला उठेल, शेजारीपाजारी वा वा करतील, आणि पोरगं होतं तिथेच राहील. अंगणात क्रेट असतील द्राक्षांचे, एक उलटा करून त्यावर बसा. टिकली त्याला दाबू द्या. बोटाला पेट्रोल त्याच्या लागू दे. रिकाम्या दोन किक त्याने मोजाव्यात. सातव्या किकलाही नाही उठली तर गप्प बसा. तुम्हीच लिहिलंय ना, रागवायचं नाही, मिनिटभर थांबायचं.

ऑइल मात्र तुम्ही मोजून दाखवा, एकदाच. दुसऱ्या लिटरला तो मोजेल.

तिसरं पान मी वेगळ्या पाकिटात घालून तुम्हाला परत पाठवतेय. वरचं ‘आदरणीय ताई’ खोडा आणि तिथे त्याचं नाव घाला. आणि खिडकीतलं ते टोपण शनिवारी रात्रीच शर्टाच्या खिशात टाकून ठेवा, सकाळच्या गडबडीत राहून जाईल. येताना ते परत आणायचं नाही.