खाते बंद झाले, मुदत मात्र चालू आहे

आपल्या तेरा वर्षांच्या मुलीशी इन्स्टाग्रामवर ओळख वाढवलेल्या इसमाने तिचा चेहरा लावून बनावट अश्लील फोटो तयार केला आणि तो तिच्या मैत्रिणींना पाठवण्याची धमकी दिली. आपण कंपनीकडे तक्रार करून खाते बंद करवले, मुलीच्या फोनमधले सारे संभाषण पुसले आणि पाच महिने गप्प राहिलात. आता तो नव्या खात्यावरून परतला आहे, तेव्हा पोलिसांत जावे का, असे आपण विचारता. अशी पत्रे वरचेवर येतात, आणि पुरावा बहुतेकदा असाच घरच्यांनीच पुसलेला असतो.

जाणे हा आपल्या मर्जीचा विषयच नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 11 मध्ये बनावट चित्राची धमकीही येते. कलम 19 प्रमाणे गुन्हा ठाऊक असलेल्या प्रत्येकाने, पालकांनीसुद्धा, तो कळवणे बंधनकारक आहे. उशिराबद्दल आपल्यावर कलम 21, म्हणजे गुन्हा न कळवल्याच्या शिक्षेचे कलम, लावतील असे वाटत नाही, पण हमी देता येत नाही.

सगळे अडले आहे ते मुदतीवर. माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मधील नियम 3 प्रमाणे तक्रारीवरून काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी कंपनीने तपासासाठी 180 दिवस जपायच्या असतात. त्यापुढे जपायच्या, तर न्यायालयाने किंवा अधिकृत तपास यंत्रणेने तसे सांगावे लागते. म्हणजे आपल्या हाती जेमतेम महिना उरला आहे, आणि पोलीस ठाण्यातून कंपनीकडे पत्र जायलाच त्यातले किती दिवस जातील, ते सांगवत नाही. म्हणून उद्याच जा, तक्रार मिळाल्याचा कंपनीचा ईमेल सोबत न्या आणि ‘नोंदी जतन करण्याची सूचना तातडीने पाठवावी’ हे वाक्य फिर्यादीत लिहून घेतल्याशिवाय उठू नका. हद्दीचे कारण पुढे केले, तर फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 173 खाली शून्य क्रमांकाने (हद्द न पाहता, ‘झीरो एफआयआर’) गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा.

नव्या खात्यावरचे काहीही पुसू नका आणि तो फोन तसाच पोलिसांना दाखवा. तो फोटो मात्र नातेवाइकांना, शाळेला किंवा मलाही पाठवू नका, कारण तो पुढे पाठवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो.

नाव उघड होण्याची भीती समजते. परंतु पॉक्सोच्या कलम 24 प्रमाणे मुलीचा जबाब घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो, तर कलम 23 प्रमाणे तिची ओळख छापणे हा गुन्हा आहे. आरोपी सापडेल का आणि खटला कधी संपेल, हे मी सांगू शकत नाही. कायद्यात ‘शक्यतो एक वर्ष’ असे लिहिले आहे आणि आपल्याकडे त्यातला ‘शक्यतो’ तेवढा पाळला जातो.