कॉर्डिलाइनची खालची पानं पिवळी पडली तर

ताई, खालची दोन-तीन पानं पिवळी पडली म्हणून लगेच खत घालू नका. जागा बदलली की कॉर्डिलाइन, म्हणजे हे लांब पानांचं शोभेचं झाड, जुनी पानं टाकतंच. बघायचा तो मधला कोंब. गुंडाळलेलं नवं पान ताठ असेल तर झाड जीव धरतंय. तोच कोंब हलकेच ओढल्यावर हातात आला, बुंधा दाबून मऊ लागला, तर मुळं कुजताहेत. आपली नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात पावसाळा! कुजका भाग कापून, मातीत वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळून उंचवट्यावर लावा. टोकं करपली असतील तर बहुधा बोअरचं क्षाराचं पाणी, नाहीतर दुपारचं ऊन. पानामागे बारीक जाळी दिसली की लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड समजा, पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. आणि बोट खुपसून माती कोरडी लागल्याशिवाय पाणी नको.